जर्दाळू

पाकिटावर लिहिलंय : जर्दाळू, मोगरा, ऊस.
आत कॉफीच्या बिया.
बारा औंसांना सव्वीस डॉलर.
पावती मी दोनदा वाचली.
शर्विल ती आतच विसरला होता,
किंवा मुद्दाम ठेवली असेल, त्याचा काय भरवसा.

थँक्सगिव्हिंगला आला तो पोर्टलँडहून
बॅगेत दोन शर्ट आणि एक तराजू घेऊन.
ओट्यावर अठरा ग्रॅम मोजले,
सोनाराने गुंजा मोजाव्यात तसे, श्वास धरून.
बगळ्याच्या मानेची किटली. स्टॉपवॉच.
"आई, आता बोलू नकोस, फुलतेय."
मी गप्प, माझ्याच स्वयंपाकघरात.
इतक्या हळू हाताने तर
मी त्यालाही न्हाऊ घातलं नव्हतं.

अरे, मी रात्रभर मोजतच असते.
अकरा ते सात, टोलीडोच्या हॉस्पिटलचं तळघर,
लोकांचं रक्त, थेंबाच्या पन्नासाव्या भागापर्यंत.
म्हणून पहाटे चारला मला हवी असते
न मोजलेली कॉफी.

डार्लीन डबा उघडते, लाल, बादलीएवढा,
सेलमधला. चमचा कधीच हरवलाय.
ती ओतते अंदाजपंचे
आणि मशीन खोकत खोकत गाळतं
काहीतरी काळं, जळक्या पावाच्या वासाचं.
बसून बसून कडू होते, डार्लीन म्हणते,
आपल्यासारखीच.
पंचवीस सेंट टाकायचे लघवीच्या नमुन्याच्या डबीत.
(न वापरलेल्या. नवीन माणसं विचारतातच.)

माझ्या लॉकरमध्ये एक जायफळ असतं,
आणि छोटी किसणी.
सांगलीला कॉफी मिळायची ती तापातून उठल्यावर :
निम्म्याहून जास्त दूध, जायफळ, साखर,
कॉफी आपली नावाला.
पहिल्यांदा वास आला तेव्हा
डार्लीन म्हणाली, एग्नॉग.
मी म्हटलं, ताप.

आता खरं म्हणजे इथेच थांबायला हवं.
स्वस्त ते खरं, महाग ते नखरे,
माना डोलवा, घरी जा.

पण परवा सुट्टी होती.
बिया मुठीने घेतल्या, चटणीच्या भांड्यात फिरवल्या,
चहाच्या गाळण्याने गाळल्या. दूध संपलेलं.
एक घोट. आंबट. ठेवून दिली.
कपडे ड्रायरमध्ये टाकले,
बँकेतल्या कुणाशी तरी वीस मिनिटं भांडले,
आणि परतले तर कप गार.
ओतून देण्याआधी शेवटचा घोट घेतला,
चिकटपणा, दुसरं काही नाही,
आणि होता.
जर्दाळू.
जिभेच्या पार मागे,
बाठ्याला चिकटून राहतो ना गर, तिथला.
मोगरा नाही. ऊसही नाही,
त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही.
पण जर्दाळू होता.

सिंकपाशी तशीच उभी राहिले.
थोडा रागच आला.
अठ्ठावन्न वर्षं सांभाळलेली जीभ,
आणि ऐनवेळी पोराच्या बाजूने साक्ष देते.

रविवारी त्याचा फोन. "लागली का काही चव?"
"कडू आहे," मी म्हटलं.
"जायफळ घालून बघते."
पोर्टलँडपासून इथपर्यंत त्याचा उसासा ऐकू आला
आणि मला उगाच बरं वाटलं.

आज चार वाजता डार्लीनने ओतली,
तीच, काळी, जळकी.
मी प्यायले.
चांगली नव्हती.
कधीच नसावी बहुतेक, वीस वर्षांत.
"अजून आहे?" मी विचारलं,
आणि खिशात क्वार्टर चाचपलं.